सेन्सरचा टिल्ट: शोधायचा कसा, मोजायचा कसा, काढायचा कसा

दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याने आकाशाचा फोटो काढला, तर मध्यावरचे तारे बारीक आणि गोल, वरचा उजवा कोपरा मात्र फुगलेला. त्या कोपऱ्यासाठी फोकस जुळवावा, तर खालचा डावा बिघडतो. असं दिसलं की हात आपसूक कॅमेऱ्याच्या टिल्ट प्लेटकडे, म्हणजे सेन्सरचा तिरकेपणा (टिल्ट) स्क्रूंनी काढणाऱ्या चकतीकडे जातो. जरा थांबा. कोपरा बिघडण्याची कारणं पाच-सहा आहेत. सेन्सर तिरका बसलेला असणं हे त्यांतलं एक, आणि माझ्या मते ते यादीत बरंच खाली आहे. कारण न शोधता स्क्रू फिरवले, तर फोकसरचा (फोकससाठी कॅमेरा आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचा) दोष सेन्सरच्या माथी मारला जातो. तोच कॅमेरा उद्या दुसऱ्या दुर्बिणीला लावला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या लेखातला निम्म्याहून जास्त भाग स्क्रूला हात लावण्याआधीचा आहे.

किती तिरकेपणा खपतो

फोकसमध्ये थोडी सूट असते. सेन्सर नेमक्या जागेपासून काही मायक्रॉन पुढे-मागे असला तरी तारा फारसा बिघडत नाही. ही सूट एफ-क्रमांकाच्या (दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले तिच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास) वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.८८ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-क्रमांकाचा वर्ग, असं तिचं नेहमीचं सूत्र आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर एफ/७ ला साधारण १३१ मायक्रॉन मिळतात, एफ/५ ला ६७, एफ/४ ला ४३ आणि एफ/२ ला जेमतेम ११.

आता सेन्सरच्या बाजूने बघा. सेन्सर फक्त ०.१ अंशाने कललेला आहे असं धरू. ११.३ मिलिमीटरच्या चौरस सेन्सरचा कर्ण १६ मिलिमीटर असतो, म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या उंचीत २८ मायक्रॉनचा फरक पडतो. एपीएस-सी सेन्सरचा कर्ण २८.३ मिलिमीटर, तिथे हाच फरक ४९ मायक्रॉन. फुल फ्रेमला ७६.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. एफ/७ च्या अपवर्तक दुर्बिणीवर वर्षभर निमूट चाललेला एपीएस-सी कॅमेरा एफ/२ च्या रासा दुर्बिणीवर चढवला की पहिल्याच रात्री कोपरे रडतात. कॅमेरा तोच असतो, कलही तोच असतो, फक्त सूट १३१ वरून ११ वर आलेली असते. तेव्हा आपला एफ-क्रमांक आणि सेन्सरचा कर्ण आधी कागदावर लिहा. एफ/७ वर लहान सेन्सर असेल तर पुढचा खटाटोप बहुधा करावाच लागणार नाही.

हा टिल्टच आहे ना?

बिघडलेल्या कोपऱ्याकडे बघण्याआधी पूर्ण फ्रेम बघा.

सगळ्या फ्रेममध्ये तारे एकाच दिशेला लांबुळके असतील तर तो गायडिंगचा (दुर्बीण ताऱ्यामागे नेमकी चालवण्याचा), वाऱ्याचा किंवा माउंटचा (दुर्बिणीच्या फिरत्या बैठकीचा) प्रश्न आहे. तारे एका बिंदूभोवती कमानीसारखे वळलेले असतील तर माउंटच्या अक्षाची ध्रुवाशी जुळवणी कच्ची राहिली आहे. या दोन्हींचा सेन्सरशी काही संबंध नाही.

चारही कोपरे सारखेच बिघडले असतील तर बॅकफोकस तपासा. फ्लॅटनर (फोकसचं प्रतल सपाट करणारं भिंग) किंवा रिड्यूसर (एफ-क्रमांक कमी करणारं भिंग) यांपासून सेन्सर ठरावीक अंतरावर असावा लागतो, तेच बॅकफोकस. बऱ्याच फ्लॅटनरसाठी ते ५५ मिलिमीटर असतं. मध्ये काचेचा फिल्टर असेल तर त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतकं अंतर वाढवून धरायचं. ढोबळ नियम असा, की कोपऱ्यांतले तारे केंद्राकडून बाहेर फाकल्यासारखे दिसले तर सेन्सर जास्त जवळ आहे, आणि केंद्राभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर जास्त लांब. हा नियम प्रत्येक फ्लॅटनरला लागू पडतोच असं नाही. अर्ध्या मिलिमीटरचा स्पेसर घालून किंवा काढून बघणं, हाच खरा पुरावा. बॅकफोकस चुकलेला असताना टिल्ट मोजायला बसू नये. दोन्ही दोष एकमेकांत मिसळतात आणि आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

न्यूटोनियन किंवा रिची-क्रेटियन दुर्बीण असेल तर कॉलिमेशन (आरशांची जुळवणी) आधी. कोमाच्या, म्हणजे कडेच्या ताऱ्यांना धूमकेतूसारखं लांबवणाऱ्या दोषाच्या शेपट्या केंद्रापासून बाहेर जातात. त्या सगळ्यांचं केंद्र फ्रेमच्या मध्यावर नसून एका बाजूला सरकलेलं दिसलं, तर आरसे जुळलेले नाहीत.

टिल्टची स्वतःची खूण वेगळी आहे आणि ती बघायला काही सॉफ्टवेअर लागत नाही. फोकस मध्यावर नेमका जुळवा. फोकसर थोडा आत घेऊन एक फ्रेम काढा, मग तेवढाच बाहेर घेऊन दुसरी. आत घेतल्यावर एक कोपरा सुधारतो आणि समोरचा बिघडतो, बाहेर घेतल्यावर नेमकं उलटं होतं, असं असेल तर तो टिल्ट. चारही कोपरे एकदम सुधारत आणि एकदम बिघडत असतील तर ती क्षेत्रवक्रता (फोकसचं प्रतल सपाट नसून वाकलेलं असणं) किंवा बॅकफोकस. आत-बाहेर कुठेही नेलं तरी तो एक कोपरा सुधारतच नसेल, तर काचेतच दोष आहे किंवा भिंग कुठेतरी दाबलं जातंय. तिथे टिल्ट प्लेट काहीच करू शकत नाही, आणि स्क्रू फिरवत बसणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

मोजण्यासाठी फ्रेम

दुर्बीण क्षितिजापासून किमान ६० अंश वर असावी. आकाशगंगेचा दाट पट्टा निवडा. हंस तारकासमूहाच्या आसपास कोपऱ्याकोपऱ्यात भरपूर तारे मिळतात. तेजोमेघ आणि गोलाकार तारकागुच्छ टाळा, कारण तिथे सॉफ्टवेअर तारा कुठला आणि धुकं कुठलं यात गोंधळतं. एक्सपोजर १५ ते ३० सेकंदांचं ठेवा. दोन-तीन सेकंदांच्या फ्रेममध्ये हवेची थरथरच मोजली जाते. फिल्टर एकच वापरा. सेन्सर नेहमीच्या तापमानाला थंड केलेला असू द्या. अशा निदान पाच-सहा फ्रेम घ्या आणि त्यांचे आकडे वेगवेगळे वाचा. स्टॅक करू नका, म्हणजे एकत्र मिसळू नका. एका फ्रेममध्ये वाईट दिसणारा कोपरा पुढच्या फ्रेममध्ये बरा झाला, तर तो हवेचा खेळ होता.

विश्लेषणासाठी ॲस्टॅप आणि सिरिल ही दोन्ही मोफत आहेत आणि पुरेशी आहेत. ॲस्टॅपचा इमेज इन्स्पेक्टर फ्रेमचे भाग पाडून प्रत्येक भागातल्या ताऱ्यांचा व्यास दाखवतो, त्यावर एक वाकडा चौकोन काढतो आणि टिल्ट टक्क्यांत सांगतो. सिरिलची टिल्टची सोय सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट कोपऱ्यातल्या ताऱ्यांच्या रुंदीतला फरक देते. पिक्सइनसाइट असेल तर ॲबरेशन इन्स्पेक्टर स्क्रिप्ट मध्य, कडा आणि कोपरे एकाच चित्रात शेजारी शेजारी लावून देते. डोळ्यांनी पटवून घ्यायला तीच मला सगळ्यात सोयीची वाटते.

इथे एक फसवी जागा आहे. फिट्स (खगोलछायाचित्रांचा नेहमीचा फाइलप्रकार) फाइलमधल्या ओळी काही प्रोग्रॅम वरून खाली मांडतात, काही खालून वर. त्यामुळे एकच फ्रेम दोन प्रोग्रॅममध्ये उभी उलटलेली दिसू शकते. एकात बिघडलेला कोपरा ‘वरचा उजवा’ असेल, तर दुसऱ्यात तोच ‘खालचा उजवा’ होतो. निदानासाठी एकच प्रोग्रॅम पक्का करा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

दोष सेन्सरचा की दुर्बिणीचा

फ्रेम घेतल्या, आकडे लिहिले. आता कॅमेरा त्याच्या जागेवर १८० अंशांत फिरवा, फोकस पुन्हा जुळवा आणि पुन्हा फ्रेम घ्या. फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये फिरवू नका, कॅमेऱ्यातून आली तशीच उघडा.

बिघडलेला कोपरा फ्रेममध्ये होता तिथेच राहिला, तर दोष कॅमेऱ्यासोबत फिरला आहे. म्हणजे तो सेन्सरमध्ये किंवा कॅमेऱ्याबरोबर फिरलेल्या एखाद्या भागात आहे. कोपरा समोरच्या टोकाला गेला, तर दोष दुर्बिणीसोबत मागे राहिला आहे. तो फोकसरमध्ये, ॲडॅप्टरमध्ये किंवा कॉलिमेशनमध्ये शोधा. कधी कधी कोपरा धड इथेही नसतो आणि धड तिथेही, फक्त टक्केवारी बदलते. तेव्हा दोन्हीकडे थोडा थोडा कल आहे असं समजा.

ही चाचणी कुठल्या सांध्यावर केली याला फार महत्त्व आहे. चाचणी फक्त एवढंच सांगते, की दोष त्या सांध्याच्या पुढे आहे की मागे. फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी चकती), ऑफ-ॲक्सिस गायडर (गायडिंगसाठी थोडा प्रकाश बाजूला वळवणारा भाग) आणि कॅमेरा असं सगळं एकत्र फिरवलं आणि दोष सोबत आला, तर तो या तिघांपैकी कोणाचाही असू शकतो. मग पुढचा सांधा घ्या, फक्त कॅमेरा फिरवा. असं करत दोष कोंडीत पकडता येतो.

फिरवायचं मात्र नीट. एम४८ आणि टी२ या दोन्ही आट्यांचा पिच (एका पूर्ण फेऱ्यात सरकणारं अंतर) ०.७५ मिलिमीटर असतो. नुसता अर्धा आटा सैल करून कॅमेरा फिरवला तर अंतर ०.३७५ मिलिमीटरने वाढतं, शिवाय सैल सांध्यात झोल येतो. म्हणजे टिल्ट शोधताना आपणच नवा टिल्ट तयार केला. रोटेटरची कडी असेल तर तीच फिरवा. नसेल तर अर्ध्या आट्याइतकी पातळ स्पेसर रिंग घालून सांधा पूर्ण घट्ट बसेल असं करा. फ्लॅटनरच्या आधीचा सांधा मिळाला तर सर्वांत उत्तम, कारण तिथे बॅकफोकसला धक्का लागत नाही.

सांधे आणि लोंबणं

दोष दुर्बिणीकडचा निघाला तर टिल्ट प्लेटचा विषय तात्पुरता बाजूला ठेवा. सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो नळीत सरकवून बाजूच्या स्क्रूने आवळायच्या जोडणीवर. एका बाजूने स्क्रू दाबला की कॅमेरा दुसऱ्या बाजूला टेकतो, आणि दर वेळी वेगळाच. आट्यांच्या जोडणीला पर्याय नाही. तिचा खर्च टिल्ट प्लेटपेक्षा कमी आणि फायदा जास्त. मग आट्यांमध्ये कचरा, रंगाचा पापुद्रा किंवा ॲडॅप्टरच्या कडेवर बारीक उंचवटा आहे का ते बघा. बोटाच्या नखाने कड चाचपली तरी कळतं.

फोकसरमधला झोल ओळखायला मेरिडियन फ्लिप (तारा मध्यान्हरेषा ओलांडतो तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला फिरवणं) कामाला येतो. फ्लिपनंतर कॅमेरा दुर्बिणीच्या तुलनेत तिथेच असतो, पण त्याच्यावर ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणाची दिशा उलटते. फ्लिपच्या आधी आणि नंतर बिघडलेला कोपरा बदलला, तर कुठलातरी भाग वजनाने लोंबतो आहे. जड फिल्टर व्हील आणि थंड होणारा कॅमेरा यांचं वजन लांब बाहेर आलेल्या ड्रॉट्यूबवर (फोकसरच्या सरकत्या नळीवर) पडलं की हे हमखास होतं. फोकसरचा ताण थोडा वाढवा. ड्रॉट्यूब फार बाहेर काढावी लागत असेल तर त्याऐवजी आट्यांची एक्स्टेन्शन नळी घाला, म्हणजे ड्रॉट्यूब बरीचशी आत राहील. लोंबणारा टिल्ट प्लेटने निघत नाही. एका बाजूला काढला तर दुसऱ्या बाजूला दुप्पट दिसतो.

कोपऱ्यांचा हिशेब

दोष कॅमेऱ्यातच आहे हे ठरलं की मग मोजमाप. ताऱ्यांचा व्यास बघून अंदाजाने स्क्रू फिरवता येतात आणि बरेच जण तेच करतात. पण इलेक्ट्रॉनिक फोकसर असेल तर कल थेट मायक्रॉनमध्ये मोजता येतो आणि पाच रात्रींचं काम एका रात्रीत उरकतं.

आधी फोकसरच्या एका स्टेपमागे ड्रॉट्यूब किती सरकते ते काढा. फोकसर ५००० स्टेप चालवा आणि कॅलिपरने सरकलेलं अंतर मोजा. २० मिलिमीटर आलं तर एक स्टेप म्हणजे ४ मायक्रॉन. मुख्य आरसा हलवून फोकस करणाऱ्या श्मिट-कॅसेग्रेनला हे लागू नाही. तिथे आरसा जितका सरकतो त्याच्या कितीतरी पट फोकसबिंदू सरकतो. अशा दुर्बिणीला मागे वेगळा फोकसर असेल तरच ही पद्धत वापरा.

मग ऑटोफोकससारख्या फ्रेम घ्या, फोकसच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत समान अंतराने. मात्र प्रत्येक कोपऱ्याचा फोकस वक्र वेगळा काढा. निना हा कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर होकस फोकस प्लगइनमधला ॲबरेशन इन्स्पेक्टर हे सगळं आपोआप करून देतो. हाताने करायचं असेल तर प्रत्येक फ्रेममधला कोपऱ्याचा व्यास वहीत लिहा आणि सगळ्यात कमी व्यास कुठल्या स्थानाला येतो ते शोधा.

समजा, आकडे असे आले. मध्य १२०४०. वरचा डावा १२०४९, वरचा उजवा १२०३८, खालचा डावा १२०४४, खालचा उजवा १२०२९. फोकसरचा आकडा वाढतो तेव्हा ड्रॉट्यूब बाहेर जाते, हेही धरून चालू.

स्क्रूकडे जाण्याआधी या आकड्यांची दोनदा परीक्षा घ्या. सेन्सर सपाट आहे, तेव्हा समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात. १२०४९ आणि १२०२९ मिळून २४०७८. १२०३८ आणि १२०४४ मिळून २४०८२. चारच स्टेपचा फरक, म्हणजे मोजणी विश्वासार्ह. इथे २०-३० चा फरक आला असता तर ती रात्र सोडून द्यायची किंवा काचेतला दोष शोधायचा. दुसरी परीक्षा मध्याची. चारही कोपऱ्यांची सरासरी १२०४० येते आणि मध्यही १२०४० च आहे, म्हणजे वक्रता नाही, बॅकफोकस बरोबर. मध्य वेगळा आला असता तर आधी स्पेसरकडे परत जावं लागलं असतं.

आता कल. वरचा डावा आणि खालचा उजवा यांत २० स्टेप, म्हणजे ८० मायक्रॉन. एपीएस-सीच्या २८.३ मिलिमीटर कर्णावर हा साधारण ०.१६ अंश झाला. दुर्बीण एफ/५ ची असेल तर सूट ६७, म्हणजे हा टिल्ट फोटोत दिसणारच. दुसऱ्या कर्णावर ६ स्टेप, २४ मायक्रॉन. तो आत्ता सोडून द्या, पहिला काढल्यावर पुन्हा मोजू.

दिशा कशी ठरवायची? वरच्या डाव्या कोपऱ्याला फोकस मिळायला ड्रॉट्यूब जास्त बाहेर यावी लागते. म्हणजे तो कोपरा दुर्बिणीच्या गरजेपेक्षा जास्त जवळ बसला आहे, त्याला मागे ढकलायचं आहे. टिल्ट प्लेट कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला असेल तर त्या कोपऱ्याकडची फट वाढवायची आणि समोरची कमी करायची. फोकसरची आकडेमोड उलटी असेल, म्हणजे आकडा वाढताना ड्रॉट्यूब आत जात असेल, तर सगळं उलट.

आता हे ८० मायक्रॉन स्क्रूपर्यंत न्यायचे. स्क्रू सेन्सरच्या कोपऱ्यात नसतात, बरेच बाहेर असतात. समोरासमोरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा, समजा ६० मिलिमीटर आलं. ८० गुणिले ६० भागिले २८.३, म्हणजे स्क्रूजवळ १७० मायक्रॉन. एम३ च्या नेहमीच्या स्क्रूचा पिच ०.५ मिलिमीटर, तेव्हा एका पूर्ण फेऱ्यात ५०० मायक्रॉन. १७० मायक्रॉन म्हणजे साधारण १२२ अंश. हे एकाच स्क्रूवर न टाकता अर्धं अर्धं वाटा. वरच्या डाव्या बाजूला ६० अंश फट वाढवा, खालच्या उजव्या बाजूला ६० अंश कमी करा. म्हणजे सेन्सरचा मध्य जागचा हलत नाही आणि बॅकफोकस टिकतो. ६० अंश म्हणजे घड्याळात दोन तासांचं अंतर. ॲलन कीच्या दांड्याकडे बघून इतका अंदाज सहज येतो.

तीन स्क्रूंची प्लेट असेल तर हिशेब थोडा वेगळा. एक स्क्रू हलवला की प्लेट उरलेल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर डोलते. ही रेषा त्या स्क्रूपासून वर्तुळाच्या व्यासाच्या तीन चतुर्थांश अंतरावर असते. ६० मिलिमीटरच्या वर्तुळाला ४५ मिलिमीटर. वरच्या सूत्रात ६० च्या जागी ४५ घाला. स्क्रू नेमका कर्णाच्या दिशेत नसेल तर काम दोन स्क्रूंत वाटलं जाईल, पण पहिल्या फेरीसाठी जवळचा स्क्रू पुरतो.

फ्रेममधला कोपरा प्रत्यक्षात कुठला

हे कागदावर ठरवायच्या भानगडीत पडू नका. दुर्बीण चित्र उलटवते, कॅमेऱ्याचं वाचन एका दिशेने होतं, सॉफ्टवेअर आणखी एकदा उलटवतं. कॅमेरा दुर्बिणीतून काढा. दूरवर, बरोबर समोर एक मंद टॉर्च ठेवा. कॅमेऱ्याच्या काचेच्या वरच्या डाव्या चतुर्थांशासमोर काळा कार्ड धरा आणि अगदी लहान एक्सपोजर घ्या. फ्रेममध्ये जो कोपरा काळा, तो कार्डाखालचा कोपरा. प्रत्येक स्क्रूजवळ चिकटपट्टीवर एक, दोन, तीन, चार लिहा आणि वहीत फ्रेमच्या कोपऱ्यांना तेच आकडे द्या. हे पाच मिनिटांचं काम सगळ्यात जास्त वेळ वाचवतं.

स्क्रू फिरवताना

बऱ्याच प्लेटमध्ये स्क्रूंच्या जोड्या असतात. एक ढकलतो, दुसरा ओढतो. फट वाढवायची असेल तर ओढणारा स्क्रू आधी सैल करा, मग ढकलणारा मोजून आत फिरवा, मग ओढणारा हलक्या हाताने परत आवळा. फट कमी करायची तर ढकलणारा मोजून मागे घ्या आणि ओढणारा टेकेपर्यंत आवळा. ओढणारा घट्ट असताना ढकलणाऱ्यावर जोर लावू नका. मऊ ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की गेले.

सुरुवात करण्याआधी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) चारही स्क्रूंजवळची फट मोजून लिहून ठेवा. काही बिनसलं तर परतीचा रस्ता तोच. एका वेळी एकाच जोडीला हात लावा. चार जोड्यांच्या प्लेटमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा: प्रतल तीन बिंदूंनीच ठरतं. चौथा स्क्रू अधांतरी राहतो किंवा प्लेटला पीळ देतो. म्हणून एक कर्ण जुळवताना दुसऱ्या कर्णावरचे दोन्ही स्क्रू थोडे ढिले ठेवा आणि शेवटी ते फक्त टेकवा.

कॅमेरा दुर्बिणीवर असताना प्लेटपर्यंत ॲलन की पोचत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. पोचत नसेल तर कॅमेरा काढून, स्क्रू फिरवून पुन्हा लावताना त्याच कोनात बसेल अशी खूण आधी करून ठेवा. दर फेरीनंतर फोकस, फ्रेम, आकडे, वही. गणित नीट केलेलं असेल तर साधारणपणे दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. शेवटचा आवळण्याचा जोर स्वतःच काही मायक्रॉन हलवतो, तेव्हा शेवटची मोजणी सगळं घट्ट केल्यानंतरचीच धरा.

प्लेटची फट वाढली असेल तर तिथून प्रकाश आत जातो. डार्क फ्रेम (दुर्बीण झाकून काढलेली) घेताना फटीवर टॉर्च मारून बघा. कड उजळली तर बाहेरून काळी टेप गुंडाळा.

लेझरची पद्धत

ढगाळ दिवसांत टेबलावर करण्यासारखं काम. कॅमेऱ्याचा पुढचा दर्शनी कठडा (जोडणीची सपाट कड) एका सपाट पट्टीवर पालथा टेकवा. पट्टीला मधोमध भोक असू द्या. खालून, किंचित तिरका, कमी शक्तीचा लेझर सेन्सरच्या मध्यावर पाडा आणि परावर्तित ठिपका दूरच्या कागदावर घ्या. मग कॅमेरा पट्टीवरून न उचलता गोल फिरवा. सेन्सर कठड्याला समांतर असेल तर ठिपका हलत नाही, नसेल तर वर्तुळ काढतो. परावर्तनात कोन दुप्पट होतो, त्यामुळे ०.१ अंशाच्या कलाला २ मीटरवर साधारण १४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. स्क्रू फिरवत ते वर्तुळ आक्रसत न्यायचं.

कागदावर ठिपके अनेक पडतात. सेन्सरवरच्या काचेचा ठिपका एकटा असतो. सेन्सरच्या पिक्सेलांमुळे मात्र ठिपक्यांची जाळी उमटते, तिच्या मधला ठिपका आपला. काच आणि सेन्सर एकमेकांना समांतर असतीलच असं नाही, तेव्हा चुकीचा ठिपका धरला तर सगळी मेहनत वाया. लेझर १ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा वापरा आणि परावर्तित झोतात डोळा येऊ देऊ नका.

लेझर सेन्सरला कॅमेऱ्याच्या कठड्याशी समांतर करतो. फोकसर वाकडा असेल तर त्याला त्याची खबरही नसते. एकच कॅमेरा अनेक दुर्बिणींवर फिरत असेल तर ही पद्धत मला सगळ्यात न्याय्य वाटते, कारण कॅमेरा कॅमेऱ्यापुरता सरळ होतो. पण एफ/२ ला शेवटचा शब्द ताऱ्यांचाच.

प्लेट नसेल तर

कॅमेरा आणि ॲडॅप्टर यांच्या सांध्यात एका बाजूला पातळ शिम (फट भरायची पट्टी) घालता येतो. घरातली ॲल्युमिनियम फॉइल साधारण १६ मायक्रॉन जाड असते, त्यामुळे दोन-तीन पदरांत बारीक सुधारणा होते. हा उपाय स्क्रूंनी आवळलेल्या कठड्यात चालतो. आट्यांच्या सांध्यात शिम सरकतो आणि चुरगळतो. काही झालं तरी सेन्सरची बंद कुपी उघडू नका. आत दमट हवा शिरली की थंड सेन्सरवर दव धरतं, आणि टिल्ट काढता काढता आगीतून फुफाट्यात पडायची वेळ येते. नव्या कॅमेऱ्याचा कल प्लेटच्या आवाक्याबाहेर असेल तर हमी असेपर्यंत तो उत्पादकाकडे पाठवा. सोबत १८० अंशांच्या चाचणीच्या दोन्ही फ्रेम जोडा, म्हणजे दोष दुर्बिणीचा आहे असं म्हणून तो परत येणार नाही.

कुठे थांबायचं

ॲस्टॅपच्या टक्केवारीत ५ च्या आसपास आलात की हवेचीच चढउतार मोजली जायला लागते. मी १० च्या खाली आणि कोपऱ्यांतला फरक एफ-क्रमांकाच्या सुटीच्या निम्म्यात आला की ॲलन की ठेवून देतो. फोटो तीक्ष्ण करणारी ब्लरएक्सटर्मिनेटरसारखी साधनं उरलेला लांबुळकेपणा बऱ्यापैकी सावरतात. मोठा टिल्ट मात्र त्यांच्यावर सोपवू नये. फोकसबाहेर गेलेल्या कोपऱ्यात मंद तारे आणि तेजोमेघाचे बारीक धागे मुळातच कमी नोंदले जातात.

स्क्रूंची शेवटची स्थिती, फीलर गेजचे आकडे आणि कॅमेऱ्याचा फिरवण्याचा कोन वहीत लिहून ठेवा, प्लेटचा एक जवळून फोटोही काढा. जुने फ्लॅट (एकसारख्या उजेडावर घेतलेल्या दुरुस्तीच्या फ्रेम) टाकून द्या आणि नवे घ्या. फटीवर टेप लावली असेल तर डार्कही नवे. फिल्टर व्हील बदललं, ॲडॅप्टर उघडला किंवा दुर्बीण गाडीतून लांबच्या प्रवासाला गेली, तर पहिल्या रात्री १५ सेकंदांची एक फ्रेम इन्स्पेक्टरमध्ये टाकून बघा.